चौसष्ट गार्ड

आई बिल्डिंगमध्ये सांगते, "हिचं काम गार्डांना नंबर द्यायचं,"
की खालच्या घोसाळकरकाकू लगेच,
"मग आपल्या गेटवरच्याला कितवा देशील गं?
रात्री दोनला घोरत असतो."
मी समजावत नाही.
कसं समजावू, की मालाडला नवव्या मजल्यावर
रात्री आठ ते पहाटे पाच
मी अमेरिकेतल्या दीड-दीडशे किलोच्या माणसांचे
पाय बघते.

पाय. चेंडू नाही.
सुरुवातीला डोळा चेंडूमागेच धावायचा,
डिसिल्व्हा पाठीमागून येऊन स्क्रीनवर पेन टेकवायचा: इथे.
जिथे काहीच घडताना दिसत नाही, तिथे.
सेंटरच्या डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक,
बत्तीस संघांचे मिळून चौसष्ट,
चेंडू ज्यांच्या हाताला क्वचितच लागतो.
डाव तीन सेकंदांचा. मागे घे, पुढे घे, परत मागे.
समोरच्याला उताणा पाडला: अधिक एक.
समोरच्यानं ह्यालाच ढकलत नेऊन
क्वार्टरबॅकच्या मांडीत बसवला: उणे एक.
बाकी शून्य.
शून्य म्हणजे नापास नव्हे, हे कळायला
मला अख्खा सीझन लागला.
शून्य म्हणजे, होतं ते काम केलं.

तर सहासष्ट नंबर.
डावा गार्ड, थंड गावचा, हरणाऱ्या संघाचा.
बेरजेत एकतिसावा.
पण समोरचे दोघं कात्रीसारखे आडवे पळून जागा बदलतात ना,
भलेभले चकतात तिथे, दोघंही एकाच्याच मागे लागतात,
हा मात्र पहिल्याला खांद्यानं शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो
आणि दुसऱ्याची वाट बघत उभा.
गुडघे वाकलेले, कंबर खाली, पंजे आत.
घाई नाही.
हे ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

प्रभादेवीच्या मैदानात मी डावी कव्हर.
चढाईवाली आत शिरली की कोपऱ्यातून शर्वाणी
घोट्यावर झेप घ्यायची.
टाळ्या शर्वाणीला, कप शर्वाणीला,
रेल्वेतली नोकरीही शर्वाणीलाच
(खेळायचीच तशी, जळून नाही सांगत).
पण घोटा धरलेली मुलगी फरपटत निघते मध्यरेषेकडे,
तेव्हा तिच्या कमरेला मिठी घालून
जी मातीत टाचा रोवते,
तिला वहीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं
हे आमच्या सरांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

सोमवारी यादी जायची.
मी सहासष्टला अकरावा केला.
डिसिल्व्हा म्हणाला, पुरावा दे.
सत्तेचाळीस डाव काढून दिले.
त्यानं पावाचा तुकडा हातात तसाच धरून सगळे बघितले.
"चांगला आहे गं. पण सतराव्याच्या वर नाही."
पहाटे चारला आम्ही कडाकडा भांडलो,
एका माणसावरून, ज्याला मालाड म्हणजे काय
हेही ठाऊक असायचं कारण नाही.
चौदावा ठरला.

शेवटच्या क्लिपमध्ये कॅमेरा चुकून त्याच्यावर रेंगाळला.
करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलेली,
तो ती दातांनी आवळत होता.
माझीही करंगळी वाकडी आहे, उजवी,
कांदिवलीच्या सामन्यातली.
एंटर दाबायला जरा उशिरा पोचते.

खाली उतरले तर गेटवर जैस्वारजी,
स्टुलावर, कानाला मफलर, टक्क जागे.
"मॅडम, आज कोण पहिला?"
रोज विचारतात.
आज मी चौदावा सांगितला.
त्यांनी नाव दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही,
मान हलवली,
आणि वहीत माझी वेळ लिहिली:
पाच वाजून बारा.